ट्रॅक्टर मोडला, नाव ड्रायव्हरचं

परवा वाईला जाऊन आलो... म्हणजे वाईच्या अलीकडे, कृष्णाकाठच्या एका मळ्यात. देवदर्शनाला नाही, मोडलेला ट्रॅक्टर बघायला.

मी सांगलीतल्या एका वर्कशॉपात मिस्त्री आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जर्मन-जपानची लढाई संपली, बाहेरून हे छोटे ट्रॅक्टर यायला लागले आणि माझ्या मागे नसता उद्योग लागला. कुठे काही मोडलं की विकणारा एजंट मला पाठवतो... बघायचं आणि कशानं मोडलं त्याचा रिपोर्ट लिहायचा. मालातच खोट निघाली तर भरपाई एजंटाच्या अंगावर, ड्रायव्हरची चूक निघाली की तो सुटला.

खरं सांगतो, कंटाळलोय. हा ट्रॅक्टर दिसायला गोजिरवाणा, रंग तर असा की हात फिरवावासा वाटतो. पण याला खाली वेगळी चौकट नाही. इंजिनाचं घर आणि गिअरबॉक्सचं घर एकमेकांना बोल्टनी आवळलेलं, तोच याचा कणा, आणि तो ओतीव लोखंडाचा. ओतताना आत पोकळी राहिली आणि वरून रंग चढला, की संपलं... कुणाच्या बापाला कळत नाही.

मळ्यात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ट्रॅक्टर अर्ध्या नांगरलेल्या रानात मधोमध मोडून पडलेला, थकलेला बैल बसतो तसा. मालक बापू लिंबाच्या सावलीत. ड्रायव्हर धोंडिराम मात्र उन्हातच उभा होता, ट्रॅक्टर मोडल्यापासून त्याला कुणी सावलीत बोलावलं नसावं.

बापूंनी रामराम घातला आणि लगेच विषयाला हात घातला. "मिस्त्री, ह्येनंच मोडला न्हवं? तेवडं लिवा आन् मोकळं व्हा. आजच वाटंला लावतो ह्येला."

धोंडिराम लढाईत मिलिटरीची लॉरी चालवून आलेला गडी. एवढंच म्हणाला, "मिस्त्री, म्या दगडावर घातला न्हाई की वडाताण केली न्हाई. सरळ नांगराच्या तासात चालला हुता." मी मान हलवली. सगळेच ड्रायव्हर असं म्हणतात... त्याचं नाव एकदा रिपोर्टात गेलं की आख्ख्या तालुक्यात त्याला कुणी स्टिअरिंगला हात लावू देणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मोडलेली बाजू बघितली. बराचसा भाग ताजा, करडा, चकचकीत. वरच्या कोपऱ्यात बोटभर जागा तांबूस. गंज असेल, म्हटलं, आणि पेन्सिल काढून लिहिलं... 'हाताळणीतील चूक.' हे शब्द माझा हात आता आपोआप लिहितो.

मोडून दोनच दिवस झाले होते, तेही वैशाखातले. दोन दिवसांत एवढा गंज चढत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण दमलेल्या माणसाला लवकर घरी जायचं असतं, दुसरं काही नाही.

तेवढ्यात बापूंच्या मंडळी पाण्याची घागर घेऊन आल्या. सगळे त्यांना काकी म्हणतात. मला पाणी देताना त्यांची नजर त्या मोडलेल्या बाजूवर गेली आणि त्या खाली वाकल्या.

"आवं, ह्यो गंज न्हवं... कुकू हाय ह्ये. माझं."

बापू म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?" काकी पदर सावरून, नवऱ्याकडं न बघता मला म्हणाल्या, "पाडव्याला आला तवा मीच वल्या कुकवाची पाच बोटं वडली हुती, हितंच. त्येच्या आदी ह्येच्यावर कोन बसलं बी नव्हतं. आन् त्येच्यानंतर म्या हात लावल्याला न्हाई."

मी रॉकेलचं फडकं घेतलं. पुसलं तर फडक्याला लाल रंग आला, अगदी कपाळाला लावतात तो. खाली ओतकामाच्या साच्यातल्या वाळूचे दोनचार कण रुतलेले आणि करंगळी जाईल एवढी पोकळी. म्हणजे ट्रॅक्टर दारात आला तेव्हाच त्याला चीर होती. ओलं कुंकू त्या चिरेतून आत उतरलं होतं... धोंडिराम त्याच्यावर बसायच्या आधी.

बापू उठून म्हणाले, "धोंडिबा, सावलीला ये. जेवून घे." धोंडिराम सावलीत येऊन बसला.

मी कागद फाडून नवा लिहिला... 'ओतकामातला दोष, ड्रायव्हरची चूक नाही.' एजंटानं काल तो वाचून माझ्यापुढे टाकला आणि यापुढे दुसरा मिस्त्री बघतो म्हणाला. बघू दे बापडा. काकींचे मात्र फार उपकार आहेत... नवऱ्यासमोर, परक्या माणसासमोर, एका गड्यासाठी त्या बोलल्या. माझ्याकडे हत्यारांची पेटी होती आणि बघितलं त्यांनी.

पण कालपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. आजवर मी इतके रिपोर्ट लिहिले, त्यात मोडलेली बाजू पुसून बघितल्याचं एकदाही आठवत नाही. औंधकडचा नामदेव म्हणून एक ड्रायव्हर होता. तोही म्हणत होता, सरळ चालला होता. त्याचं नाव मी लिहिलं. ऐकतो की तो परत मेंढरांमागं गेला. त्याच्या ट्रॅक्टरचा मोडका भाग तर केव्हाच भट्टीत वितळून गेला, आता पुसून बघायलाही काही उरलेलं नाही.

रविवारी औंधला जाणार आहे. त्याची चूक नव्हती, असंही मी आता खात्रीनं सांगू शकत नाही. मी बघितलंच नव्हतं, एवढं मात्र सांगून येणार आहे.