दाजींच्या डिकीचा पडदा

“अंतरपाट! अहो, अंतरपाट कुठाय?” गुरुजी माईकवरूनच ओरडले आणि राहात्याच्या त्या मंगल कार्यालयातली हजार माणसं एकदम गप्प झाली. हजार म्हणजे नुसती बसलेली. जेवणाऱ्यांची गणती मी धरत नाही.

लग्न माझ्या पुतणीचं. नवरानवरी हार घेऊन समोरासमोर उभी, आणि दोघांच्या मध्ये धरायचं कापड घरी देव्हाऱ्यापाशी राहिलेलं. शाल धरायची होती म्हणाल, तर सत्काराच्या होत्या तेवढ्या शाली घेऊन पुढारी मंडळी पुढच्या लग्नाला पसार झाली होती. थोरले बंधू, म्हणजे नवरीचे वडील, माझ्यावर गरजले, “तुझ्या काखेत काय हाय ते?”

काखेत दाजींच्या गाडीचा पडदा होता.

दाजी म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पहिल्याच रांगेत बसलेले. रुखवताचं लोखंडी कपाट आणायला त्यांची नवी कोरी गाडी मी सकाळी मागून घेतली होती. कपाट एवढं, की आत एक भाडेकरू सहज राहिला असता. आता डिकीतलं सामान झाकायला पडदा असतो बघा. एक काळी नळी, तिच्यातून बदामी कापड ओढून पलीकडं अडकवायचं, सोडलं की फर्रकन आत. तो काढल्याशिवाय कपाट शिरेना. काढला. पण ठेवायचा कुठं? चावी देतानाच दाजींनी बजावलं होतं, “पडद्याला डाग दिसला, तर गाडीला पुन्हा हात लावायचा न्हाई.” कार्यालयात कुठं टेकवावा, तर पोरं त्याची बॅट करणार, नाहीतर आचारी त्यानं भाजी ढवळणार. म्हणून सकाळपासून तो माझ्या काखेत. नाष्ट्याला मांडीवर. फोटोंत मी बंदूकधारी शिपाई दिसतो.

“आण हिकडं!” बंधू म्हणाले.

गुरुजींनी नळी उभी धरली, मी कापडाच्या टोकाची दांडी ओढली. काय सांगू! इतका ताठ, इस्त्री केल्यासारखा अंतरपाट सबंध नगर जिल्ह्यात कुणी पाहिला नसेल. एवढ्यात एका मावशीनं पुढं होऊन ओल्या कुंकवानं त्यावर भलंथोरलं स्वस्तिक काढलं. “कोरा कसा धरायचा बाई?” मी दाजींकडं पाहिलं. दाजी खुर्चीतून अर्धे उठलेले. पण तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली, आणि मंगलाष्टकांत ओरडायची रीत नाही. मुठीतल्या अक्षतांचं पीठ करत ते खाली बसले.

आणि ती स्प्रिंग! उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कमी ओढत असेल, एवढी मला ओढत होती. दांडी सुटली की मुहूर्ताआधीच लग्न लागणार! गुरुजी बिचारे आवरतं घेत होते, तोच नवरदेवाच्या आत्याबाईंनी पर्समधून कागद काढला. स्वतः रचलेलं मंगलाष्टक. खापरपणजोबांपासून सुरुवात.

“आत्याबाई, आवरा!” मी दातओठ खात म्हणालो.

“थांबा ओ, नवऱ्याचं शिक्षण राह्यलंय अजून!”

शेवटी आलं एकदाचं ‘सावधान’, आणि मी दांडी सोडली. फर्रर्र... खट्! त्या वाऱ्यानं नवरदेवाच्या मुंडावळ्या पाठीवर गेल्या, पहिल्या रांगेतले फेटे सुटले, बँडवाले वाजवायचं विसरले. मग जी शिट्ट्यांची बरसात झाली! वरपक्षाचा एक पाव्हणा तर धावत आला, “भाड्यानं देता का ओ? म्होरल्या रविवारी आमच्याकडं पन हाय.”

दाजी तेवढे आले नाहीत. ते गाडीपाशी जाऊन उभे राहिले होते. मी पडदा घेऊन पळतच गेलो.

“बघितलं का दाजी? तुमच्या गाडीनं लग्न लावलं आज! आन् तो डाग न्हाई, शुभशकुन हाय! सकाळधरनं खाली ठिवला न्हाई मी, तान्ह्या लेकरागत संभाळला!”

दाजींनी पडदा ओढून स्वस्तिक पाहिलं. माझ्या हातातली चावी घेतली, डिकी उघडली आणि तळाचं झाकण उचललं. खाली बरोबर त्या नळीच्या मापाची खाच होती. पडदा तिच्यात बसवून त्यांनी डिकी लावली, आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली.

“त्याची जागा हितं हाय,” दाजी म्हणाले.