पायाची नाडी

उसाच्या गाडीवरून पडून वडिलांचा गुडघा मोडला आणि नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, तेव्हा ती सिस्टर भेटली. नाव विचारायची अक्कल मला नव्हती. दर तासाला ती वडिलांच्या पावलावर दोन बोटं टेकवून डोळे मिटायची. पहिल्यांदा त्यांना वाटलं, पाया पडतेय.

"सुखी राहा, पोरी."

"बाबा, नाडी बघतेय."

"नाडी हातात असती की!"

"तुम्ही जिवंत आहात, ते हात सांगतो. पाय जिवंत आहे का, ते पायालाच विचारावं लागतं."

मला नवल वाटलं. ती गेली की मीही चाचपायचो. "दाबू नका, कान लावल्यासारखं बोट ठेवा," तिनंच शिकवलं.

दुसऱ्या दिवशी तिची बोटं पावलावर जास्तच वेळ थांबली. मग एरवी सावकाश चालणारी ती डॉक्टरांकडे धावत सुटली. गुडघ्यामागची रक्तवाहिनी फाटली होती. पुन्हा ऑपरेशन करून ती शिवली, म्हणून पाय वाचला.

घरी आल्यावरही, वडील झोपले की मी हळूच पावलावर बोटं टेकवायचो. एकदा झोपेतच त्यांनी विचारलं, "हाय का, पोरी?"

"हाय," मी म्हणालो.

"सुखी राहा."