पुढे सरकवलेली थाळी

ती घटना आठवली की आजही डोके तापते.

एटापल्ली तालुक्यातील एका गावात पहाटे मोहफुले वेचायला गेलेला तरुण विजेच्या धक्क्याने मेला. रानडुकरांसाठी कुणीतरी शेताच्या कडेने तार लावून तिच्यात चोरून वीज सोडली होती. प्रेत ज्या शेतकऱ्याच्या बांधावर सापडले, त्याच्या घरात तारेचे भेंडोळेही मिळाले. तो अटकेत गेला. मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी म्हणून रुजू झालो तेव्हा तो तुरुंगात होता आणि एकच सांगत होता, "तार माह्या घरी होती, पण म्या लावली नाई."

खबर आठवडी बाजारात मिळाली. त्या गावात एक छोटे चर्च आहे. तिथे प्रभुभोजनाच्या विधीसाठी भाकर भाजणारी म्हातारी माझ्या हवालदाराला म्हणाली, "भाऊ, आत टाकलेल्याच्या शेजारच्या वावरवाल्याले पाहा. प्रार्थनेत छाती पिटून रडते. अन् भाकरीची थाळी आली का पुढं सरकवते. मनात पाप ठेवून आमच्यात ते भाकर खात नाई."

रडणे हा पुरावा नव्हे. तरी त्याला बोलावले. चहा दिला. बराच वेळ तो मक्याच्या पिकाबद्दलच बोलत राहिला. मग मी विचारले, "चर्चमध्ये भाकर का घेत नाहीस?"

पेला हातातच थांबला. "साहेब, म्या देवाजवळ सारं कबूल केलं. गुडघे टेकून. त्यानं माफ केलं मले."

"माफ केलं, तर भाकर का नाही?"

त्याने पेला खाली ठेवला. त्या माफीवर त्याचाच विश्वास नव्हता. तो बोलू लागला. वीज सोडलेली तार त्याची होती. प्रेत शेजाऱ्याच्या बांधावर त्यानेच ओढून नेले होते.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून दोन पंचांसमक्ष त्याच्याकडून नाल्यात पुरलेली तार आणि वीज चोरायचा आकडा काढून घेतला, पंचनामा केला.

संताप गुन्ह्यापेक्षा त्या अश्रूंचा आला. निर्दोष माणूस आत होता, त्याची बायको वावरात एकटी राबत होती आणि हा तिच्याच बांधावरून प्रार्थनेला जात होता. त्यांच्या चर्चच्या पाळकाला मी चिडून विचारले, "तुमचा देव इतक्या स्वस्तात सोडतो?"

"नाई साहेब," ते म्हणाले. "मले त्यानं सांगितलं असतं, तर पयले तुमच्याकडंच आणलं असतं. आधी भावाशी समेट, मंग देवापुढं दान, असं आमचं शास्त्र सांगते."

आरोपी रडतो तेव्हा कुणापुढे रडतो आणि कुणाला टाळतो, हे आधी पाहावे. या प्रकरणाने मला एवढे शिकवले.

शेजारी सुटला तेव्हा भाताच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायची वेळ टळून गेली होती. कोर्टाच्या आवारात आरोपीने त्याच्यापुढे हात जोडले, "माफ कर गा."

 शेजारी म्हणाला, "देवाकडं रोज जात होतास. माहं घर त्याच वाटेवर होतं ना गा?"