दादाचं गप्प बसणं

आमच्या नारायणदादाला मुंबईत बोलण्याचाच पगार मिळायचा आणि घरी आला की हा बाबा मुका! आई चिडवायची, "काऊन गा, सारे बोल मुंबईलेच ठेवून आलास का?"

दादा रेडिओवर नामवंतांच्या मुलाखती घ्यायचा. आमच्या बिरसी गावच्या धानाच्या बांधीतला पोरगा थोरामोठ्यांना बोलतं करतो, याचा आम्हाला केवढा तोरा! गोंदियात एका बिडीवाल्या सेठकडे रेडिओ होता. वहिनी, दादाची चिमुकली सोनी आणि मी बैलगाडीने ऐकायला जायचो. मुलाखतीबद्दल दादा मला एकच सांगायचा, "फोड कोठं आहे ते पाहून ठेवावं बाई. बोट लावाले नाही, बोट चुकवाले."

एकदा रंगभूमीवरच्या एक नावाजलेल्या गायिका आल्या. त्यांचा तरणा मुलगा नुकताच वारला होता. साहेबांनी दादाला बजावलेलं, मुलाचं विचारा, लोकांना तेच ऐकायचंय. दादाने विचारलं नाही. बाईच बोलता बोलता "माझा लेक..." म्हणाल्या आणि थांबल्या. दादाही थांबला. आमच्याकडे दुःखाच्या घरी पाहुण्याने आधी तोंड उघडायचं नसतं. घरचं माणूस बोलेपर्यंत नुसतं बसायचं. दादा मुंबईतही तसाच बसला. इकडे सेठ रेडिओला थापट्या मारतोय, "अरे, बिगड़ गया क्या?" बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "विचारा पुढचं."

त्या गप्प बसण्यापायी दादाची नोकरी गेली. तो घरी परतला आणि त्याच हिवाळ्यात तापाने सोनी गेली. गाव येऊन ओसरीवर बसला, रीतीप्रमाणे गप्प. दादा बोलेल म्हणून आम्ही सारे थांबलो. तो बोललाच नाही. जेवण सुटलं, डोळ्यांत टिपूस नाही. माझा जीव तुटत होता, पण विचारणार कोण?

बातमी कळली तशा त्या गायिका गोंदियाला उतरून, धुळीने माखून, आमच्या दारी आल्या. पाणी प्यायल्या आणि सरळ म्हणाल्या, "नारायणराव, लेकीचं नाव काय होतं हो?" आई तर हादरलीच.

दादाने मान वर केली. "सोनी," तो म्हणाला. "सेठच्या रेडिओमागं जाऊन म्हने, बाबा, बाहेर ये ना..." आणि धाय मोकलून रडला. मग दिवेलागणीपर्यंत सोनीचंच बोलत राहिला. त्या रात्री तो जेवला.

पण दादा फार जगला नाही. तो गेला तेव्हा शेजारच्या बाया येऊन माझ्यासमोर गप्प बसल्या. मला राहवेना. म्हटलं, "अवो, गप कायले बसून राहिल्या? विचारा ना मले, माहा दादा कसा होता!"