उकंडाच्या दाराचं टेबल

उकंडाच्या घराला दार नव्हतं. गोणपाट होतं. पावसाळ्यात ते भिजून उंबऱ्यावर लोळायचं, उन्हाळ्यात त्यातून धूळ आत यायची. आणि गावात कुठंही नवं दार बसवायचं तर ते उकंडाच्याच हातचं. लोक यावरून त्याची टिंगल करत, मीही करायचो. तो नुसता हसायचा. दमलेल्या माणसाला उत्तर देण्यापेक्षा हसणं सोपं पडतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

त्याची उमेदीची वर्षं पांढरकवड्याला एका बैलगाड्यांच्या कारखान्यात गेली. छप्पन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला तेव्हा त्याच्या घरानं गावकीची कामं सोडली आणि त्यानं अंगणात स्वतःची सुतारकी मांडली. गावाला ते रुचलं नाही. पण वखर मोडला की रुसवा किती दिवस टिकणार? आले सगळे, मीही गेलो.

काम तो जमिनीवर उकिडवा बसून करायचा. लाकूड पायांच्या पंजांत धरायचं आणि हातांनी रंधा ओढायचा. त्याच्या पायांचे अंगठे त्यामुळं बाजूला फाकलेले होते. पुढं पुढं गुडघे सुजले. एकदा बसला की उठताना बायको लागायची. कौसल्या त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं करायची आणि मग कापूस वेचायला निघायची. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसणं बंद करा.

"बसणं बंद केलं तं खाऊ काय?" तो मला म्हणाला. मग गुडघा चोळत म्हणाला, "उभ्यानं काम करता येईन असं टेबल पाहिजे, भाऊ. पक्कं. नाही तं माही सुतारकी संपली."

टेबलाला लाकूड पाहिजे, आणि घरात चांगलं लाकूड एकच होतं. दारासाठी कौसल्येनं वर्षानुवर्षं माळ्यावर राखलेल्या सागवानी फळ्या. त्यानं विचारलं तेव्हा ती पोळी भाजत होती.

"काढा," ती म्हणाली. "तुमीच बसले तं दार कोनासाठी लावू?"

ते टेबल व्हायला पुरता हिवाळा गेला. लोकांची कामं आधी, उरल्या वेळात हे. एक पाय बसवायचा आणि खांबाला टेकून दम खायचा. खाली बसूनच ते करावं लागत होतं, याचाच मला राग यायचा. पण टेबल असं उभं राहिलं की धक्का दिला तरी हलेना. वरून हात फिरवला तर कुठं कुसळ लागायचं नाही.

पहिलं काम माझ्या कोळपणीच्या डवऱ्याचं होतं. उकंडानं लाकूड टेबलावर ठेवलं, रंधा लावला, जोर दिला आणि लाकूड सरळ पलीकडं जाऊन अंगणात पडलं. त्यानं उचलून परत ठेवलं. परत तेच. तो खाली आपल्या पायांकडं बघत उभा राहिला.

लाकूड धरायला टेबलाला काहीच नव्हतं. आजवर ते काम पायांनी केलं होतं, म्हणून धरायलाही काही लागतं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी हसलो. त्याचा चेहरा पाहिला आणि मला माझीच लाज वाटली.

कौसल्या शेतात जायला निघाली होती. तिनं डोक्यावरचं टोपलं उतरवलं आणि दोन्ही हातांनी लाकूड दाबून धरलं. "मारा," ती म्हणाली. त्या दिवशी तिची मजुरी बुडाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं टेबलावर आडवी पट्टी ठोकली, तिला लाकूड अडवून काम चालू झालं. काही वर्षं निभावलं. रंधा मारताना त्याच्या पायांची बोटं मात्र मातीत आवळायची, काहीतरी धरल्यासारखी. हे त्याला माहीत नव्हतं. मी कधी सांगितलं नाही.

मग उभं राहणंही होईना. अडुसष्टच्या उन्हाळ्यात त्यानं बाजेवर बसून, एकेक खिळा उपटून टेबल मोडलं आणि त्याच फळ्यांचं दार जोडलं. बिजागऱ्या मी ठोकल्या, दार कौसल्येनं धरून ठेवलं. पट्टीच्या खिळ्यांची भोकं तशीच राहिली. त्याचं ते शेवटचं काम.

दार देखणं झालं. पण जाता-येता पाहावं तर ते सताड उघडं, आत बाजेवर उकंडा. एकदा कौसल्या शेतातून येताना भेटली, तेव्हा मी म्हणालो, "वयनी, एवढं दार झालं, आता लावत काहून नाही?"

"लावलं तं कोनी आल्यावर उघडाले त्यायले उठा लागते," ती म्हणाली, आणि घराकडं गेली.