पत्र लिहिण्यास कारण की

तर कवळी माझ्या तोंडात बसेना, इथवर आलो होतो काल. वरची बसली, पण खालची उड्या मारायला लागली. "सोमवार" म्हणायला गेलो की ती पुढे यायची आणि समोरच्याला वाटायचं, म्हातारा चावतोय. भाची म्हणाली, "मामा, मेण अजून मऊ आहे. तोंड मिटा आणि पाच मिनिटं गप्प बसा."

पाच मिनिटं गप्प! तेवढा तर मी झोपेतही राहिलेलो नाही.

ही भाची म्हणजे माझ्या ताईची धाकटी. दाताचा डॉक्टर वेगळा आणि दात घडवणारा वेगळा, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. डॉक्टर तोंडाचं माप घेतो आणि डब्यात घालून हिच्याकडे धाडतो. ही त्यात प्लास्टर ओतून जबडा उठवते, त्यावर आधी मेणाचा दात कोरते आणि मग खरा करते. म्हणजे खोटाच, पण खऱ्याहून बरा. अरुंद जिना चढून गेलं की शिवणवर्गाच्या डोक्यावर तिच्या दोन खोल्या. खाली शिलाईच्या मशिनी, वर दात घासायच्या चाकाची घरघर, आणि भिंतभर फळ्यांवर जबडेच जबडे. प्रत्येकाला नंबर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हटलं, "बये, ही सगळी मंडळी माझ्याकडे बघून हसतायत."

"हसत नाहीत मामा, वाट बघतायत," ती म्हणाली.

वाट बघणारे फळीवरच नव्हते, तिच्या फोनमध्येही होते. न वाचलेले मेल अकरा हजार दोनशे आणि वर काही. आमच्या गावच्या पोस्टमनने अख्ख्या नोकरीत एवढी पत्रं वाटली नसतील. मी आ वासला, म्हणजे तेव्हा वासण्यासारखं तोंड रिकामंच होतं. ती म्हणाली, "निम्मे पडद्यांच्या दुकानाचे आहेत. एकदा एक पडदा घेतला होता."

"आणि उरलेले?"

"उरलेले उद्या."

हा तिचा उद्या मोठा पसरट होता. सकाळी ताईच्या गोळ्या, दोन मुलींच्या वेण्या, डबे. नवरा बसच्या डेपोत पाळीवर, तो आला की ही निघालेली आणि ही आली की तो. कामावर पाऊल टाकलं की डॉक्टरांचे फोन. अमक्याच्या दातावरची टोपी सैल आहे, तमक्याला लग्नाआधी पुढचे दात हवेत. मेलची पेटी ती उघडायची ती फक्त डॉक्टरांसाठी. डॉक्टरचं नाव टाकायची, त्याचा मेल काढायची, पेटी बंद. बाजारातून मान खाली घालून जावं, कुणी हाक मारू नये म्हणून, तसं.

त्या बाजारात हाक मारणाऱ्यांत तिचा दादा होता.

दादा म्हणजे ताईचा थोरला. दूर डोंगरात बोगदा खणायच्या कामावर यंत्र चालवायचा. लहानपणी झोपाळ्यावरून दोघांचं भांडण झालं. हिने रागाने रिकामा झोपाळा ढकलला आणि फळी त्याच्या तोंडावर बसली. पुढचा दात अर्धा गेला. घरी त्याने सांगितलं, पायरीवर पडलो. शेवटपर्यंत तेच सांगत राहिला. पुढे ही दात घडवायला शिकली तेव्हा पहिली टोपी तिने त्याच्या त्या अर्ध्या दातावरच केली. त्याचा साचा वरच्या फळीवर असायचा. सगळ्या जबड्यांत बिननंबरचा तो एकच. बाकीचे साचे सहा महिन्यांनी फेकून द्यायचा रिवाज, पण या एकाला हात लावायचा नाही.

डोंगरात फोन लागायचा नाही. कामकऱ्यांच्या तळापासून अर्धा तास खाली उतरलं की एक वळण होतं, तिथे थोडाफार लागायचा. दादा शनिवारी सकाळी तिथून आईला फोन करायचा. ही तेव्हा कामावर. म्हणून त्याने हिला मेल लिहायचं ठरवलं आणि पहिला मेल लिहायच्या आधी शनिवारच्या फोनवर मला विचारलं, "मामा, वर विषय लिहा म्हणतंय. काय लिहू?"

आता मला विचारल्यावर दुसरं काय निघणार? आमच्या मास्तरांनी आमच्याकडून एक ओळ शंभर शंभर वेळा घोटून घेतलेली. ती नसेल तर पोस्ट पत्र परत पाठवतं, असा त्यांनी धाकच घातला होता. मी ऐटीत म्हटलं, "काय लिहू म्हणजे? लिही, पत्र लिहिण्यास कारण की!"

पोरगा आज्ञाधारक. त्याने लिहिलं. त्या माझ्या ऐटीने पुढे काय केलं ते ऐका.

तो पहिला मेल भाचीने वाचला. चार ओळी होत्या. इथे थंडी फार आहे, तू केलेला दात किंचित हलल्यासारखा वाटतो, काय करू? हिने ठरवलं, दादाला सावकाश, नीट लिहायचं, दोन ओळींत उरकायचं नाही. तो सावकाशीचा वेळ काही आला नाही. शनिवारी ताई म्हणायची, "अगं, विचारत होता. मेल वाचते का म्हणून."

"वाचलाय म्हणावं. लिहिते."

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. "वाचलाय गं आई! एकाच मेलसाठी किती मागे लागायचं माणसाने?"

मग त्याने विचारणं सोडून दिलं. हिच्या मनाने घेतलं, दादा रुसला.

आणि एका सकाळी त्या डोंगरात दादाच्या छातीत कळ आली. खाली वळणापर्यंतही आणता आला नाही.

तीन आठवड्यांनी त्याची पेटी आली. स्वेटर, दाढीचं सामान, फोन, एक काडेपेटी आणि एक फोटो. बोगद्याच्या तोंडाशी सगळे कामकरी उभे, सगळे खदखदून हसतायत, आणि मधे आमचा दादा. ओठ घट्ट मिटलेले. जन्मभर दात दाखवत फिरलेला माणूस! भाचीने फोटो पाहिला आणि एकच म्हणाली, "माझ्यावर रागावून गेला तो, मामा." मी सुचेल ते बोललो, पण तिला काही लागू पडलं नाही.

तिने वरच्या फळीवरचा साचा भिंतीकडे तोंड करून ठेवला. सकाळी भिंतीकडे वळवायची, संध्याकाळपर्यंत तो हळूहळू फिरून पुन्हा तिच्याकडे बघायचा. चाकाच्या हादऱ्याने सरकत असणार, ती म्हणाली. मीही तेच म्हणालो. मग त्याच फळीवरचे बाकीचे जबडे जागचे का हलत नाहीत, हे ना तिने विचारलं ना मी.

तर त्या मेणाच्या दिवशी मी खुर्चीत तोंड मिटून बसलेलो. सकाळचे साडेअकरा. ती एका हाताने भांड्यात प्लास्टर कालवतेय, दुसऱ्या हाताने कुणा डॉक्टरचा मेल बघायला फोन उघडलाय. आणि तिचा कालवणारा हात थांबला.

"मामा," ती म्हणाली. आवाज असा, की खालच्या मशिनीही मला ऐकू येईनाशा झाल्या. "दादाचा मेल आलाय."

"कोनाता?" मी म्हटलं. तोंडात मेण होतं.

तिने फोन माझ्यापुढे धरला. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत दादाचं नाव. पुढे, पत्र लिहिण्यास कारण की. वेळ आत्ताची. नावाशेजारी बारीक आकडा होता, एकोणचाळीस. आम्ही बघत असतानाच त्याचे चाळीस झाले. मग एक्केचाळीस.

मेण माझ्या दोन्ही हिरड्यांत रुतलं आणि मी ते गिळता गिळता वाचलो. भुताच्या गोष्टी मी शेकड्याने सांगितल्या आहेत, पण भूत आकडे मोजत येतं हे मला ठाऊक नव्हतं. तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. भांड्यातलं प्लास्टर भांड्यातच दगड झालं.

संध्याकाळी घरी गेलो तर ताई ओट्याशी उभी. म्हणाली, "त्याचा फोन विझलेला बघवेना रे. आज सकाळी चार्जिंगला लावला. बराच वेळ टुंग टुंग करत होता, जीव आल्यासारखा." भाचीने हिशेब लावला. दादाचे शेवटचे मेल लिहून झाले, पण वळणापर्यंत उतरणं झालं नाही, म्हणून ते फोनमध्ये अडकून पडले होते. ताईने वीज दिली आणि ते सुटले.

उलगडा झाला म्हणून भीती गेली का? छे. उलट वाढली. आधी एका मेलला उत्तर द्यायचं राहिलं होतं, आता एक्केचाळीस झाले. बाकीचे तर तो होता तेव्हाच येत गेले होते, पण सगळ्यांना विषय एकच, माझ्या मास्तरांची ओळ. म्हणून मेलच्या पेटीने ते एकावर एक रचून एकच ओळ दाखवली. हिला वाटत राहिलं, हा तोच, वाचलेला, उत्तर द्यायचा राहिलेला. खाली अख्खी चळत, आणि वर माझं सुलेखन!

"उघड," मी म्हटलं.

"नको. आत काय लिहिलं असेल मला ठाऊक आहे."

"काय?"

"शिव्या. आणि त्या खऱ्या असतील."

मग तिने एक अजब केलं. तो एक सोडून बाकीचा सगळा बाजार आवरायला घेतला. प्लास्टर ओतल्यावर ते घट्ट व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्या वेळात ती इतकी वर्षं दुसऱ्या कुणाचे दात घासायची. आता स्टुलावर बसून मेल बघायला लागली. वेळ नाही वेळ नाही म्हणत होती, तो रोज तिच्यासमोर टेबलावर घट्ट होत बसलेला होता. पडदेवाल्याला निरोप दिला. शाळेचं एक पत्र निघालं, मुलींनी गायलेल्या गाण्याचं, दोन वर्षांपूर्वीचं. एका मैत्रिणीला बाळ झाल्याचं कळलं. बाळ एव्हाना शाळेत जात असणार. त्यांना उत्तरं लिहिली, माफी मागितली. अकरा हजारांचे पाच हजार झाले, मग सहाशे, मग चाळीस. मी रोज जायचो, खालची कवळी सैल आहे असं सांगून. ती छान बसली होती, पण हे कुणाला सांगू नका.

सातव्या आठवड्यात पेटीत एकच ओळ उरली.

"आता कुणाच्या मागे लपशील?" मी म्हटलं.

तिने आधी साचा आपल्याकडे वळवून ठेवला, मग उघडलं. आणि मोठ्याने वाचत गेली.

शिवी एकही नव्हती. तळावरच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली. यंत्राचा पट्टा तुटला. 'तुला वेळ नसणार, उत्तराची घाई नाही.' दात जास्त हलतोय, डाव्या बाजूने जेवतो. 'आईला सांगू नकोस, ती रडेल आणि पायरीला शिव्या देईल.' एकात नुसतंच, 'आज चांदणं इतकं पडलंय की दिवा लागत नाही.' आणि चाळिसावा असा: 'दात पडला. काडेपेटीत जपून ठेवलाय. गोंदाने चिकटवू का? तू सांगशील तसं. तोवर तोंड उघडत नाही. काल फोटो काढला तर सगळे हसले, मी ओठ मिटून उभा. पोरांना वाटलं, दादा कुणावर तरी रागावलाय. मी कशाला रागावू?'

ती वाचायची थांबली. खाली शिवणवर्गात कुणीतरी मोठ्याने हसलं, आणि आम्ही दोघांनी एकदम वर फळीकडे पाहिलं. मीही पाहिलं. खोटं कशाला बोलू?

एक्केचाळिसाव्यात फक्त विषय होता. पत्र लिहिण्यास कारण की. खाली कोरं.

आम्ही तसेच उठून घरी गेलो. ताईने ती काडेपेटी ओट्यावर शेगडीपाशी ठेवली होती, त्याच्या हातची म्हणून. एकदाही उघडली नव्हती. भाचीने ती सरकवली. आत कापसात तो एवढासा दात, चहाने पिवळसर पडलेला. ताईने विचारलं, "हा कुणाचा गं?" तेव्हा भाचीने झोपाळ्याची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. ताई ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "आणि मी त्या पायरीला इतकी वर्षं बोल लावला."

दुसऱ्या दिवशी तिने एका डॉक्टरच्या मापात प्लास्टर ओतलं आणि ते घट्ट होईपर्यंत दादाला उत्तर लिहिलं. मला वाचून दाखवलं आणि पाठवलं. ताईने नंतर सांगितलं, बरोबर त्याच वेळी घरी त्याचा फोन वाजला आणि ती भाजी चिरता चिरता "आले रे" म्हणून उठली. तो फोन अजून चार्जिंगलाच असतो. भाचीचं पत्र मी उतरवून घेतलं आहे, अक्षर न अक्षर. ते असं:

"दादा, पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला त्यास कारण की, कारण काही नाही. सगळी वाचली. शेवटचं कोरं आहे, तेही दोनदा वाचलं. गोंदाने चिकटवू नकोस, आतला खुंट कुजतो. काडेपेटी मिळाली. दात तुझ्या साच्यावर बसवून पाहिला, अजून नीट बसतो. आईला झोपाळ्याचं सांगितलं, रडली नाही. आता हस."