उतारावरचा ओंडका

आमच्या गावाहून सावली गावच्या बाजाराला जाताना एक उतार लागे, थेट नाल्यात नेणारा. माथ्यावर नेहमी चार-सहा ओंडके पडलेले असत. भरली गाडी खाली नेणाऱ्यानं त्यातला एक दोरानं गाडीमागे बांधायचा. तो जमिनीला घासत येई आणि गाडी बैलांच्या अंगावर जात नसे. नाल्यावर तो सोडून ठेवायचा. वर जाणाऱ्यानं परत माथ्यावर नेऊन टाकायचा. हे कोणी कोणाला सांगत नसे.

मी नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलो होतो. गावातला पहिलाच, आणि ते मी कोणाला विसरू देत नव्हतो. त्या दिवशी सकाळी मीच आसाला भरपूर वंगण दिलं आणि वाटभर बाला, माझ्या वडलांना, घर्षण समजावत राहिलो. घर्षण म्हणजे फुकट गेलेली ताकद, असं. धानाची पोती भरलेली गाडी हलकी चालत होती, म्हणून मला आणखीच चढलं.

माथ्यावर बानं दोर काढला. मागे शेजारच्या गावचा एक गाडीवान आपला ओंडका बांधत होता.

"राहू दे, बा," मी म्हणालो. "आत्ताच चाकं हलकी केली अन् तू मागे लाकूड लावतोस. बैलांना उगाच त्रास."

"उतार हाये बाबू. गाडी रेटते बैलाले."

"मी हेच शिकून आलोय."

गाडीवान हसला. "भाऊ, पोरगा साहेब झाला तुमचा. आयका आता त्याचं!"

बा माझ्याकडे बघत राहिला. मग दोराची गुंडाळी त्यानं पोत्यांवर ठेवली. त्याला पटलं नव्हतं. परक्या माणसासमोर मला खाली पाहायला लावायचं नव्हतं त्याला. हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी कासरा हातात घेतला.

निम्म्या उतारावर गाडी बैलांना ढकलू लागली. जू मानेवरून सरकून शिंगांना भिडलं. बा चाकाला धरून मागे ओढत होता, त्याच्या तळहातांची सालं निघाली. डावा बैल, बानं गोऱ्हा असल्यापासून वाढवलेला, गुडघ्यावर कोसळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

नाल्यावरची माणसं धावत आली. "काऊन जी, ओंडका नाई बांधला?"

"बांधला होता. दोर तुटला," बा म्हणाला.

दोर पोत्यांवर होता. गुंडाळलेला, अख्खा.

मागून उतरलेल्या गाडीवानानं तो पाहिला, मग मला पाहिलं. "जुनाच होता दोर," तो म्हणाला. "जा भाऊ, गावातून माणसं आणा. मी बसतो बैलापाशी."

मी बोलायला हवं होतं. नाही बोललो.

आम्ही दोघं वर निघालो. खाली आणलेला ओंडका आमच्याकडे नव्हताच. पण बांधला होता असं बा सगळ्यांसमोर बोलून बसला होता. त्यानं नाल्याकाठचा एक ओंडका सोललेल्या हातांनी उचलून खांद्यावर घेतला.

मी हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला, आणि चढू लागला.